तो ग्रह नव्हता, मोहन

मोहन,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. पन्नासहून जास्त वर्षांच्या ओळखीत तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही, आणि आली तर पहिल्याच शब्दाला अडले. तेव्हा नुसतं मोहन.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी तुझ्या शोकसभेत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मोहनने ग्रह शोधला नव्हता, त्याला ते माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं. तेव्हापासून तुझी शैला माझा फोन उचलत नाही. काल बिल्डिंगमधल्या दोन बायका मला बघून लिफ्टमध्ये शिरल्या नाहीत, जिन्याने गेल्या. मेलेल्या माणसाच्या पाठीमागे बोलले म्हणतात. म्हणून म्हटलं, तुझ्या तोंडावरच बोलावं. तू जिवंत असताना जे बोलायला हवं होतं ते.

तुला आवडणार नाही. नको आवडू दे.

मला सांग, तुला खोटं बोलायची गरज काय होती रे? मला तेच समजत नाही. तुझ्याकडे खरं इतकं होतं!

आपण मुलुंडच्या एकाच शाळेत, पाचवीपासून एका वर्गात. तू बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला नापास झालास, त्याच वर्षी तुझे वडील गेले, आणि तू मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात चिकटलास. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रयोगांची मांडामांड केली. दोघं रिटायर झालो तेव्हा तूच म्हणालास, की रविवारी सकाळी सोसायटीचा हॉल रिकामा असतो, आपण ग्रहांचा वर्ग काढू. तू शिकवायचं, मी सामान जमवायचं. नेहमीसारखंच.

तू झकास शिकवायचास, हे मी रागातही नाकारणार नाही. पहिल्या रविवारी मोठ्या परातीत पांढरी रांगोळी पसरलीस, तिच्यावर गेरूचा पातळ थर, आणि मुलांना वरून गोट्या टाकायला लावल्यास. लाल गेरूत खड्डा पडायचा आणि खालची पांढरी रांगोळी चहूबाजूंनी किरणांसारखी उडायची. मग तू चंद्राचा फोटो लावलास. मुलं एकदा परातीकडे बघत होती, एकदा फोटोकडे. चंद्रावर, बुधावर असेच खड्डे आहेत, म्हणालास, वरून दगड पडून झालेले. पृथ्वीवरही पडले, पण इथे पाणी आहे, वारा आहे, जमीनच मुळी सरकत असते, त्यामुळे खुणा बुजतात. जिथे खड्डे जास्त, ती जमीन जुनी. एका परातीत तू मुलांना ग्रहाचं वय वाचायला शिकवलंस.

एकदा सगळ्यांना अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर नेलंस. आजूबाजूला इमारतींची गर्दी आणि मध्ये तो काळ्या दगडाच्या खांबांचा उभा सुळका. हा थंड झालेला लाव्हा आहे, तू म्हणालास, आणि चंद्रावर जे काळे डाग दिसतात तेही लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगडच आहे. मुलांनी दगडाला हात लावून बघितला. मीही लावला. चाळीस वर्षं लॅबमध्ये काढून मला ते माहीत नव्हतं.

सूर्याजवळचे चार ग्रह दगडाचे आणि लांबचे अवाढव्य का, हे तुझ्याइतकं सोपं करून सांगताना मी कुणाला ऐकलं नाही. सुरुवातीला सूर्याभोवती धूळ आणि वायूची थाळी फिरत होती. सूर्याजवळ इतकं तापलेलं, की तिथे फक्त दगड आणि धातू घट्ट होऊ शकले, आणि ते थोडे. लांब थंडीत पाण्याचाही बर्फ झाला, त्यामुळे तिथे माल भरपूर. तिथले गोळे मोठे झाले आणि मोठे झाल्यामुळे वायू ओढून घेत आणखी फुगले. इतकं सांगून तू म्हणायचास, “ही आपल्या सूर्याची गोष्ट झाली. दुसऱ्या ताऱ्यांकडे बघितलं तर गुरूएवढे ग्रह ताऱ्याला अगदी चिकटून फिरताना सापडलेत. म्हणजे आपल्याला अजून सगळं कळलेलं नाही.”

‘आपल्याला अजून सगळं कळलेलं नाही.’ हे वाक्य तू किती रुबाबात म्हणायचास! स्वतःवर लागू करायची वेळ आली तेव्हा कुठे गेलं ते?

प्रज्ञा आली ती तिसऱ्या वर्षी. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली मुलगी, बीएस्सीला होती. वडील महापालिकेत सफाई खात्यात, आई एका दवाखान्यात आया. तिला तू काही सांगितलंस, की ती पुढचं विचारायची. तिच्यासाठीच तू दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शिकवायला घेतलेस. अंतराळातल्या दुर्बिणीने टिपलेली ताऱ्यांची माहिती कुणालाही फुकट मिळते, ती कॉम्प्युटरवर कशी उतरवायची हे तिनेच आपल्याला दाखवलं. ताऱ्याच्या समोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, आणि आलेखात एक खड्डा पडतो. आपल्या सूर्यासमोरून गुरू गेला तर शंभरातला एक भाग कमी. पृथ्वी गेली तर दहा हजारातला एकही नाही. दर फेरीला ठरावीक वेळाने तसाच खड्डा पडत राहिला, तर तिथे ग्रह असू शकतो. असू शकतो, मोहन. हे शब्दही तुझेच.

प्रज्ञाने महिनोन्‌महिने आलेख बघितले आणि एका रविवारी एक घेऊन आली. जवळजवळ महिन्याभराची नोंद, दर दोन दिवसांनी एक खड्डा, एकूण तेरा. खोली शंभरातला एक भाग. तू तो कागद हातात घेतलास आणि तुझा चेहरा असा झाला, जसा मी शाळा सुटल्यापासून बघितला नव्हता. तू हॉलमध्ये मोठ्याने म्हणालास की आपल्या वर्गाने ग्रह शोधलाय. सेक्रेटरी सावंतांनी पेढे मागवले. मीही खाल्ला.

मंगळवारी दुपारी मी घरी तो आलेख परत काढला. शंका वगैरे नव्हती रे, सवय होती. लॅबमध्ये कुठलंही रीडिंग दोनदा घ्यायचं, बस. मी पहिला, तिसरा, पाचवा असे विषम खड्डे एका कागदावर एकमेकांवर ठेवले आणि सम खड्डे दुसऱ्या कागदावर. समोरून जाणारा ग्रह एकच असेल तर प्रत्येक वेळी तो सारखाच उजेड अडवणार. दोन्ही कागदांवर खड्डा सारखाच यायला हवा. तो आला नाही. विषम खड्डे खोल, सम खड्डे उथळ. एकही अपवाद नाही.

म्हणजे तिथे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे होते. एकदा हा त्याला झाकतो, एकदा तो ह्याला. एक जास्त तेजस्वी, म्हणून तो झाकला की खड्डा खोल. आणि शेजारच्या एका मोठ्या ताऱ्याचा उजेड दुर्बिणीच्या फोटोतल्या त्याच चौकोनात मिसळत असल्यामुळे दोन्ही खड्डे ग्रहाइतके लहान दिसत होते. मी ताऱ्यांची यादी उघडली. ती जोडी तिथे आधीच नोंदलेली होती. कुणीतरी कधीच ओळखलेली.

मी लगेच तुझ्या घरी आले. शैला चहा टाकायला आत गेली. मी दोन्ही कागद तुझ्यासमोर ठेवले. तू दोन्ही शेजारी ठेवून बघितलेस. मग म्हणालास की यंत्रातला गोंधळ असेल. मी यादीतली नोंद दाखवली. तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास.

“कुंदे, थोडे दिवस राहू दे ना.”

“किती दिवस?”

“पोरांच्या परीक्षा होऊ देत. खूश आहेत गं ती.”

तुला कळलं होतं, मोहन. समजलं नाही, पटलं नाही, असलं काही नव्हतं. त्या क्षणी तुला कळलं, आणि तू कागदांची घडी घालून खिशात ठेवलीस. माझे कागद!

मग तो उपनगरातल्या साप्ताहिकाचा माणूस आला. तू त्याला ‘बहुधा ग्रह असावा’ असं सांगितलंस म्हणे. त्याने ‘मुलुंडच्या कारागिराने शोधला नवा ग्रह’ असं छापलं. तू दुरुस्ती पाठवली नाहीस. कात्रण लॅमिनेट करून घेतलंस. प्रज्ञाचं नाव त्यात शेवटच्या ओळीत होतं, तेही चुकीचं, ‘प्रतिज्ञा’ असं. तेवढीही दुरुस्ती पाठवली नाहीस.

सोसायटीच्या मंडळाने सत्कार केला. शाल, श्रीफळ, माईकवरून ‘ग्रहशोधक मोहनसर’. मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून आठवतो, कारण माझे हात मला माझे वाटत नव्हते. तू स्टेजवरून माझ्याकडे बघितलंस आणि पटकन दुसरीकडे बघितलंस.

मला कळत होतं रे. जवळजवळ चाळीस वर्षं कारखान्यात तुला ‘ए मोहन’ म्हणायचे. तू बनवलेल्या मोजपट्ट्यांवर दुसऱ्यांच्या सह्या असायच्या. साठी उलटल्यावर पहिल्यांदा कुणी सर म्हणालं. मला हे सगळं कळत होतं, म्हणून तर मी गप्प बसले. पण मलाही कुणी कधी मॅडम म्हणालं नाही, मोहन. म्हणून मी काय रीडिंग बदललं का?

इथवर असतं तर मी रागावले असते, तरी तुला माफही केलं असतं. एका म्हाताऱ्याने शाल घेतली, कुणाचं काय गेलं?

प्रज्ञाचं गेलं.

तिने एका मोठ्या संशोधन संस्थेत अर्ज केला. ग्रहविज्ञान शिकायचं होतं तिला. मुलाखतीला बोलावलं. अर्जात तिने अभिमानाने लिहिलं होतं, की ग्रहाच्या शोधात सहभाग. का नाही लिहिणार? तिच्या सरांनी सांगितलं होतं. समोरच्यांनी आलेख मागितला. एका बाईंनी विचारलं, सम आणि विषम खड्डे वेगळे करून बघितलेत का? तिला ते माहीतच नव्हतं. आपण शिकवलं नव्हतं तिला! शिकवलं असतं तर तिने पाच मिनिटांत तुझा ग्रह मोडीत काढला असता. मग त्यांनी ताऱ्यांची यादी उघडून तिला दाखवली, अर्ज बाजूला ठेवला आणि तुम्ही आता जा म्हणाले. तिची निवड झाली नाही.

रविवारी ती वर्गात आली. डोळे सुजलेले. तिने तुला सगळं सांगितलं आणि विचारलं, की सर, त्या बाई म्हणतात ते खरं आहे का?

तुला तेव्हा फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर.

तू काय म्हणालास? तू तिला खुर्चीवर बसवलंस, पाणी दिलंस आणि आवाज खाली आणून म्हणालास, “बाळा, ग्रह असो नसो, त्यांनी तुझं आडनाव बघितलं. पत्ता बघितला. तिथे तुमच्यासारख्यांना घेत नाहीत.”

मी चार पावलांवर परात पुसत होते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

ती मग माझ्याकडे वळली. “काकू, तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हणाले, “असेल.”

इतकंच. ह्या एका शब्दासाठी मी तुला शिव्या देते आणि त्याहून जास्त स्वतःला. तू खोटं बोललास आणि मी त्यावर सही केली.

तुला कल्पना आहे का, तू काय केलंस? प्रज्ञाच्या घरात आडनावावरून झालेले अपमान कमी होते? तिच्या आजोबांना गावात विहिरीवर चढू दिलं नव्हतं. तिच्या वडिलांना अजूनही कुठल्या कुठल्या सोसायटीत कप वेगळा मिळतो. हे तिने स्वतः तुला सांगितलेलं, तुझ्यावर विश्वास होता म्हणून. आणि तू त्यांच्या खऱ्या दुःखातला एक तुकडा उचललास आणि तुझी लबाडी झाकायला वापरलास. त्या लोकांचे खरे अपमान पुरले नाहीत, म्हणून तू एक खोटा बनवून दिलास का रे?

तिने परत अर्ज केला नाही. कशाला करेल? वर्गात यायची बंद झाली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावते. दोन वर्षं. ह्या दोन वर्षांत मी तुला किती वेळा म्हटलं असेन, की तिला सांगू या? प्रत्येक वेळी तुझ्याकडे काही ना काही असायचं. शैलाचं ऑपरेशन, हॉलचं रंगकाम, सावंतांची निवडणूक. शेवटी आपण वर्गाच्या दुर्बिणीच्या भिंगाला आलेल्या बुरशीबद्दल भांडत होतो. मला वाटतं आपल्याला बरंच वाटत होतं, भांडायला बुरशी आहे म्हणून.

मग तू भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसलास, तो उठलाच नाहीस. मी दवाखान्यात पोचले तेव्हा शैला बाकावर बसली होती. मी तिला धरलं. तिला वाटलं मी रडतेय. रडत होते, पण त्यातलं अर्धं रागाने. सांगायचं टाळता टाळता हा माणूस पार निघूनच गेला, असं डोक्यात येत होतं. लाज वाटते लिहायला, पण तसंच येत होतं.

महिन्याभराने सावंत घरी आले. रविवारी तुझी शोकसभा ठरली होती, आणि हॉलमधल्या मागच्या खोलीला तुझं नाव द्यायचंही. पितळी पाटी, वर ‘ग्रहशोधक’, खाली तुझं पूर्ण नाव आणि दोन ओळी माहिती. त्या दोन ओळी मी लिहून द्याव्यात. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखत होतं, म्हणाले.

मी कागद घेतला. एक तास बसले. आणि मग उठून घाटकोपरला गेले.

प्रज्ञाच्या घरी ती आणि तिची आई होत्या. आई नुकतीच ड्युटीवरून आली होती, पाय बादलीत घालून बसली होती. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला. मी नको म्हटलं. खुर्ची दिली तीही घेतली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मंगळवारची दुपार, दोन कागद, तू घडी घालून खिशात ठेवलेले. आणि माझं ‘असेल’.

आधी तिची आई बोलली.

“म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्यांना शाप देतोय, त्यांनी फक्त आलेख मागितला होता?”

मी हो म्हटलं.

“आणि तो मास्तर घरी येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला होता.” तिने पाय बादलीतून काढले, पुसले, आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

प्रज्ञा नंतर म्हणाली, “काकू, मला वाटत होतं मी मूर्ख आहे. मग सर म्हणाले आडनाव, तर मला थोडं बरं वाटलं होतं. म्हणजे मी मूर्ख नाही, असं. किती घाण आहे ना हे?” तू असतास तर तुझ्याकडे उत्तर असतं. तुझ्याकडे नेहमी असायचं.

मग तिने विचारलं, की माहितीची मूळ फाइल आहे का. माझ्या पेन ड्राइव्हवर होती. तिने तिचा जुना लॅपटॉप काढला, पलंगावर मांडी घालून बसली. सम, विषम. मी दाराशी उभी. बारा मिनिटं लागली तिला. स्क्रीनवर दोन खड्डे एकाखाली एक आले, एक खोल, एक उथळ. तिने त्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “दोन तारे चार दिवसांत एकमेकांच्या पुढे येऊन जातात. ग्रह नसला म्हणून काय झालं? हे सांगितलं असतं तरी मी खूश झाले असते.”

ऐकलंस? ती खूश झाली असती! तुला वाटलं मुलांना फक्त ग्रह हवाय. तू तुझ्याच विद्यार्थिनीला ओळखलं नाहीस.

मी तिला सांगितलं की रविवारी सभेत मी बोलणार आहे. तिचं नाव घेऊ का? ती म्हणाली, माझं नाव बरोबर घ्या. प्रतिज्ञा नाही, प्रज्ञा.

तर मी बोलले. हॉल भरला होता. तुझा हार घातलेला फोटो, बाजूला ती परात, कुणीतरी हौसेने रांगोळी भरून ठेवलेली. लोकांनी तुझे गुण गायले, सगळे खरे. माझी पाळी आली तेव्हा मी नव्याने काढलेले दोन कागद वर धरले आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं. माझा शब्दही सांगितला. तो सांगितला नसता तर मी तुझ्यासारखीच ठरले असते.

शैला उठली आणि म्हणाली, “तुला त्याचा हेवा वाटायचा, कुंदा. पहिल्यापासून.” मी नाही म्हणाले नाही. वाटायचा थोडा. पण हेव्यामुळे खड्ड्याची खोली बदलत नाही.

सावंतांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला. माणूस चिडला की मालवणीवर येतो. “कुंदाताई, गेलेल्या माणसाबद्दल असा बोलूचा नसता.” मी त्यांना विचारलं, की मग राहिलेल्या माणसाचं काय करायचं? सभा तिथेच संपली. चहा कुणी घेतला नाही.

पाटी लागली नाही. ऑर्डर थांबवली म्हणे. आणि तुला वाटत असेल मला त्याचा आनंद झाला. नाही झाला. तुझं नाव त्या खोलीला शोभलं असतं, मोहन. ‘शिक्षक’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. मी त्या दोन ओळी आनंदाने लिहिल्या असत्या. तूच जागा ठेवली नाहीस.

आता एक शेवटचं, आणि मग मी थांबते. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तुझी बाजू घेऊन स्वतःशी भांडते. तुला ती आवडायची, तू घाबरला होतास, तोंडून निघून गेलं असेल. आणि मग आठवतं, की तू तिला पाणी दिलंस. आधी पाणी दिलंस, मग सांगितलंस. घाबरलेला माणूस इतका नीट वागत नाही. ह्या पाण्याच्या ग्लासापाशी येऊन माझी माफी दर वेळी संपते.

वर्ग चालू आहे. ह्या रविवारी तीस मुलांऐवजी सात आली. मी शिकवते, प्रज्ञा सामान जमवते, आणि अर्ध्या तासाने आम्ही अदलाबदल करतो. मला तुझ्यासारखं सांगता येत नाही. मी अडखळते, वहीत बघते. एका मुलीने मला विचारलं, की बाई, ग्रह नाही हे कळल्यावर वाईट नाही वाटत का? मी म्हटलं, वाटतं. मग परत मोजायचं.

प्रज्ञा त्याच संस्थेत पुन्हा अर्ज करतेय. मी तिला म्हटलं, झालेलं सगळं मी त्यांना लिहून देते, माझ्या सहीने. ती नको म्हणाली. मागच्या वेळचा आलेख तीच घेऊन जाणार आहे, सम-विषम वेगळे करून.

तुला वचन देते, मोहन. कुणी शिकवलं होतं हे, असं त्यांनी तिला विचारलं, तर तुझं नाव घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. जाऊ दे, म्हातारा होता बिचारा, असं मी तिच्या कानात सांगणार नाही. सभेत तुझ्याविरुद्ध बोलले, तिथे तुझ्यासाठी बोलणार नाही. तुझं काय करायचं हे आता सर्वस्वी त्या मुलीच्या हातात आहे, आणि ते हात तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत.

तुझ्या वर्गातली,
कुंदा